व्हिस्कीवरचा कर आणि फिलाडेल्फियाची समन्स: पश्चिम पेनसिल्व्हेनिया, १७९१ ते १७९४

एका घोड्यावर राय हे धान्य लादायचे तर ४ बुशेल, म्हणजे साधारण १०० किलो. तेच धान्य गाळून त्याची व्हिस्की केली, तर २४ बुशेलांचे मोल त्याच घोड्याच्या पाठीवरून डोंगर ओलांडते. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ॲलेघेनी डोंगरांच्या पश्चिमेला राहणाऱ्या शेतकऱ्यांचा हा नेहमीचा हिशेब होता. मोठी बाजारपेठ फिलाडेल्फियाला, सुमारे ३०० मैलांवर, आणि मध्ये डोंगरातल्या खडबडीत वाटा. ओहायो आणि मिसिसिपी नद्यांतून माल खाली न्यू ऑर्लीन्सला नेता आला असता, पण ते बंदर स्पेनच्या ताब्यात होते आणि तिथली वाट स्पेनच्या मर्जीने उघडत-मिटत असे. म्हणून वस्तीवस्तीत तांब्याची भट्टी असायची. रोख पैसा इतका दुर्मिळ होता की मजुरी आणि दुकानाची उधारी व्हिस्कीत चुकती व्हायची. तिकडे व्हिस्की ही पिण्याची वस्तू होतीच, पण ती शेतमालाची वाहतूक होती आणि चलनही होते.

अशा मुलखावर १७९१ मध्ये अबकारी बसली. तीन वर्षांनी तिथे घरे जळली, माणसे मेली आणि खुद्द अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन जवळजवळ १३,००० सैनिक घेऊन निघाला. इंग्लंडच्या करांविरुद्ध लढून स्वतंत्र झालेल्या देशात, राज्यघटना लागू होऊन अवघी पाच वर्षे झालेली असताना हे घडले. इतिहासाच्या पुस्तकांत याला ‘व्हिस्की बंड’ म्हणतात. मला या प्रकरणात सर्वांत जास्त खटकते ती कराची रक्कम नव्हे. कर कसा मोजायचा, कशात भरायचा आणि न भरल्यास कुठल्या गावच्या कोर्टात उभे राहायचे, या तीन बारीक तरतुदींनी साध्या तक्रारीचे बंड केले, असे माझे मत आहे. त्यातली तिसरी तरतूद तर बंड पेटायच्या आधीच बदललेली होती.

कर आला कुठून

स्वातंत्र्ययुद्धाचे कर्ज हे मूळ. केंद्राच्या डोक्यावर सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर आणि राज्यांच्या डोक्यावर अंदाजे अडीच कोटी. पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याने जानेवारी १७९० मध्ये काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे, योजना ठेवली: केंद्राचे कर्ज पूर्ण किमतीने फेडायचे आणि राज्यांचे कर्जही केंद्राने अंगावर घ्यायचे. धनकोंचे हित एकदा केंद्राशी बांधले की नवे राष्ट्र टिकेल, हा त्यामागचा विचार.

वाद लगेच पेटला. युद्धात सैनिकांना पगाराऐवजी कागदी रोखे मिळाले होते. गरजेपोटी अनेकांनी ते मातीमोल भावाने सटोडियांना विकले होते. आता पूर्ण किंमत मिळणार ती सटोडियांना. व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जेम्स मॅडिसनने मूळ धारकालाही वाटा द्यावा अशी सूचना मांडली, ती काँग्रेसने फेटाळली. राज्यांची कर्जे घेण्याचा मुद्दाही अडला होता. व्हर्जिनियासारख्या राज्याने आपले बरेचसे कर्ज फेडले होते, त्याने इतरांचे का भरावे? अखेर १७९० च्या उन्हाळ्यात सौदा झाला. दक्षिणेकडच्यांनी कर्जाला होकार द्यायचा आणि बदल्यात कायमची राजधानी पोटोमॅक नदीकाठी न्यायची. आजचे वॉशिंग्टन शहर तिथे आहे ते या देवाणघेवाणीमुळे.

कर्ज घेतले म्हणजे व्याज आले. आयात जकात पुरेना, म्हणून ३ मार्च १७९१ रोजी देशात गाळलेल्या दारूवर कर मंजूर झाला. केंद्राने देशांतर्गत मालावर बसवलेला हा पहिलाच कर. हॅमिल्टनचा हेतू केवळ महसुलाचा नव्हता. केंद्राला अंतर्गत कर बसवण्याचा अधिकार घटनेने दिला आहे, तो वापरलाच नाही तर तो नाहीच असे लोक धरून चालतील, असे त्याने स्वतः मांडले होते. म्हणजे या करात पैशाइतकाच अधिकाराचा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. वसुली अडल्यावर सरकार सहज मागे का हटले नाही, ते इथे कळते.

भट्टीचे मोजमाप

खेड्यातल्या भट्ट्यांसाठी कर भांड्याच्या मापावर होता: दर गॅलन क्षमतेमागे वर्षाला ६० सेंट. ज्याला हे नको त्याने रोजच्या गाळपाचा हिशेब लिहून ठेवावा आणि प्रत्यक्ष दारूवर गॅलनमागे ९ सेंट भरावेत. कागदावर ही तरतूद समजूतदार वाटते. पण १०० गॅलनचे भांडे घ्या. वर्षाचा कर ६० डॉलर. ज्याची भट्टी बाराही महिने चालते आणि २,००० गॅलन दारू काढते, त्याला गॅलनमागे ३ सेंट पडले. जो सुगीनंतर काही आठवडेच भट्टी पेटवतो आणि ६०० गॅलन काढतो, त्याला १० सेंट. म्हणजे जितका मोठा कारखानदार, तितका कर हलका. दुसरे म्हणजे व्हिस्कीला पश्चिमेत जो भाव मिळे तो पूर्वेच्या साधारण निम्मा होता. मालाच्या किमतीशी तुलना केली तर तेवढेच सेंट इकडच्या माणसाला दुप्पट जड. तिसरे, हे सगळे रोखीत. ज्याच्या घरात वर्षभरात मूठभर नाणी फिरतात, त्याने साठ डॉलर आणायचे कुठून?

आणि शेवटची अट म्हणजे कोर्ट. करचुकवेगिरीचा खटला केंद्राच्या कोर्टात आणि ते कोर्ट फिलाडेल्फियात. आरोप झाला की शेत सोडून डोंगर ओलांडायचा, तिथे राहायचे, साक्षीदार न्यायचे आणि परत यायचे. खटला जिंकला तरी माणूस हंगाम गमावून बसे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात इंग्लंडच्या राजाविरुद्ध जी गाऱ्हाणी आहेत, त्यांत लोकांना खटल्यासाठी समुद्रापार नेण्याचे एक आहे. युद्धात लढलेल्या माणसांना ते आठवत नसेल कसे?

१७९२ मध्ये काँग्रेसने दर थोडे कमी केले आणि छोट्यांसाठी मासिक परवान्याची सोय केली. तक्रारीचा काही भाग तिने मान्य केला होता. कोर्टाचा मुद्दा मात्र तसाच राहिला.

चार परगण्यांतली माणसे

ॲलेघेनी, फेएट, वॉशिंग्टन आणि वेस्टमोरलँड हे ते चार परगणे. १७९० च्या जनगणनेत इथे मिळून ६३,००० हून जास्त लोक होते, तर पिट्सबर्ग गावात अवघे ३७६. बरेचजण स्कॉच-आयरिश, काही जर्मन. पुष्कळांकडे स्वतःची जमीन नव्हती. चांगल्या जमिनी पूर्वेकडच्या बड्या मंडळींनी आधीच नावावर करून ठेवल्या होत्या आणि त्यांत वॉशिंग्टनही होता. त्याच्या जमिनीवर वसलेल्या कुटुंबांना हटवण्यासाठी त्याने १७८० च्या दशकात खटला चालवून जिंकला होता. त्या कुटुंबांचा वकील होता पिट्सबर्गचा ह्यू हेन्री ब्रॅकेनरिज. हे नाव पुढे परत येणार आहे.

सीमेवरचा हिंसाचार ही या लोकांची दुसरी तक्रार. केंद्र कर मागते पण संरक्षण देत नाही, असे ते म्हणत. ४ नोव्हेंबर १७९१ ला जनरल सेंट क्लेअरच्या फौजेचा मियामी, शॉनी या मूळनिवासी जमातींनी आणि त्यांच्या मित्र जमातींनी धुव्वा उडवला, ६०० हून अधिक सैनिक मेले. ही तक्रार समजून घेताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही: ज्या भूमीवर हे लोक सुरक्षितता मागत होते ती त्या जमातींची होती आणि त्यांचा लढा आपले घर राखण्याचा होता. बंडखोरांच्या बाजूने लिहिताना बरेच लेखक हे पान घाईने उलटतात.

कराचा मुख्य निरीक्षक म्हणून नेमला गेला तो जनरल जॉन नेव्हिल. स्वातंत्र्ययुद्धातला अधिकारी, मोठा जमीनदार, स्वतः मोठी भट्टी चालवणारा, गुलाम बाळगणारा. पिट्सबर्गपासून साधारण दहा मैलांवर टेकडीवर त्याचे ‘बाउअर हिल’ हे घर होते. त्याचे जावई-नातलग सैन्याच्या पुरवठ्याच्या कामात होते, आणि सैन्य या भागातली व्हिस्की रोखीने विकत घेई. बारकाईने पाहा: ज्याला हा कर सर्वांत हलका पडत होता आणि ज्याच्या गोतावळ्याकडे रोख येत होती, तोच शेजाऱ्याच्या भट्टीचे माप घ्यायला निघाला. नेव्हिल शूर होता आणि त्याने आपले काम टाळले नाही, हे खरे. पण या पदासाठी याहून चुकीचा माणूस निवडणे कठीण होते.

डांबर, ठराव आणि निनावी चिठ्ठ्या

विरोधाचे दोन प्रवाह सुरुवातीपासून शेजारी-शेजारी वाहत होते. एक सभांचा. जुलै १७९१ मध्ये रेडस्टोन ओल्ड फोर्ट (आजचे ब्राउन्सव्हिल) इथे पहिली सभा भरली, मग पिट्सबर्गला. अर्ज, ठराव, प्रतिनिधी हा त्यांचा मार्ग. दुसरा प्रवाह रात्रीचा. सप्टेंबर १७९१ मध्ये रॉबर्ट जॉन्सन या वसुली अधिकाऱ्याला पिजन क्रीकजवळ बायकांचे कपडे घातलेल्या टोळीने पकडले, त्याचे केस कापले, अंगाला डांबर फासून पिसे चिकटवली आणि घोडा काढून घेऊन जंगलात सोडले. त्या टोळीवर वॉरंट बजावायला ज्याला पाठवले, त्याचीही तीच गत झाली.

ऑगस्ट १७९२ च्या पिट्सबर्गच्या सभेने दोन प्रवाहांतला बांध पातळ केला. जे लोक वसुलीचे पद घेतील त्यांच्याशी व्यवहार करायचा नाही, मदत करायची नाही, त्यांना तुच्छ लेखायचे, असा ठराव झाला. सभेचा चिटणीस होता अल्बर्ट गॅलेटिन, जिनिव्हाहून आलेला, तेव्हा ३१ वर्षांचा. याच वर्षीच्या अर्जात त्याने लिहिले होते की आमचे धान्य विकायला दुसरा मार्ग नाही, आम्ही दारू गाळतो ती हौसेने नव्हे. या ठरावावरच्या सहीचा पश्चात्ताप त्याने पुढे जाहीरपणे व्यक्त केला. आपले एकमेव राजकीय पाप असे त्याने तिला म्हटले. वॉशिंग्टनने १५ सप्टेंबर १७९२ ला जाहीरनामा काढून अशा कृत्यांचा निषेध केला.

पुढची दीड वर्षे धुमसत गेली. नोव्हेंबर १७९३ मध्ये फेएट परगण्यातल्या वसुली अधिकाऱ्याला त्याच्या घरात घुसून राजीनामा द्यायला लावला. १७९४ मध्ये ‘टॉम द टिंकर’ या नावाने चिठ्ठ्या फिरू लागल्या. टिंकर म्हणजे कल्हईवाला, भांडी सांधणारा. जो मुकाट कर भरेल त्याची भट्टी ‘दुरुस्त’ केली जाईल, म्हणजे तिच्यात गोळ्या घातल्या जातील. अशा भट्ट्या फुटल्याही. इथे दडपण शेजाऱ्याने शेजाऱ्यावर आणले होते. कर भरायला तयार असलेला लहान माणूस दोन्हीकडून चिरडला जात होता. त्याची बाजू फार थोड्या कागदांत उरली आहे, याचे मला वाईट वाटते.

समन्स

आता प्रकरणाचा गाभा. मे १७९४ मध्ये सरकारी वकील विल्यम रॉल याने साठहून अधिक भट्टीवाल्यांवर समन्स काढली: फिलाडेल्फियाच्या कोर्टात हजर व्हा. त्याच सुमारास पश्चिमेचा प्रतिनिधी विल्यम फिंडली आणि त्याचे सहकारी काँग्रेसमध्ये कोर्टाची अट बदलण्यासाठी झटत होते. त्यांना यश आले. ५ जून १७९४ च्या कायद्याने असे खटले जवळच्या राज्य कोर्टात चालवण्याची मुभा दिली. तीन वर्षांची सर्वांत न्याय्य मागणी पूर्ण झाली होती.

पण समन्स जुन्याच कायद्याची होती आणि ती कुणी मागे घेतली नाहीत. मार्शल, म्हणजे केंद्राच्या कोर्टाचे हुकूम बजावणारा अधिकारी, डेव्हिड लेनॉक्स ती घेऊन पश्चिमेला निघाला. बहुतेक त्याने विनाअडथळा बजावली. १५ जुलैला ॲलेघेनी परगण्यात वाट दाखवायला नेव्हिल स्वतः त्याच्यासोबत आला. विल्यम मिलर या शेतकऱ्याच्या दारात समन्स वाचले गेले. सुगीचे दिवस, शेतात माणसे जमलेली. मार्शल लोकांना पकडून फिलाडेल्फियाला नेतोय, अशी आवई उठली. परतताना दोघांच्या दिशेने गोळी झाडली गेली.

सरकारी महाधिवक्ता विल्यम ब्रॅडफर्ड याने नंतर म्हटले की प्रत्यक्षात फिलाडेल्फियात खटले चालवायचा इरादा नव्हता, समन्सांचा उद्देश लोकांना कायदा पाळायला लावणे एवढाच होता. हे खरे मानले तर दोष आणखी गडद होतो. ज्या कागदावर ‘फिलाडेल्फियाला हजर व्हा’ असे लिहिले आहे, तो वाचणाऱ्या शेतकऱ्याने त्यामागचा इरादा ओळखायचा कसा? हॅमिल्टनने मुद्दाम ठिणगी टाकली, असे फिंडलीचे मत होते. तसा पुरावा मला पुरेसा वाटत नाही. सरकारी यंत्रणेत आधी निघालेला कागद नंतरच्या निर्णयाला न जुमानता पुढे सरकत राहतो, आणि तो थांबवणे आपले काम आहे असे कुणालाच वाटत नाही, हे मला जास्त संभवनीय वाटते. पण हेतू कुठलाही असो, एक घोडेस्वार पाठवून समन्स परत बोलावता आली असती. ती जून महिन्याची संधी गेली.

बाउअर हिल ते ब्रॅडॉकचे मैदान

१६ जुलैच्या पहाटे मिंगो क्रीकच्या मिलिशियाचे (गरजेला उभ्या राहणाऱ्या नागरिकांच्या फौजेचे) लोक नेव्हिलच्या घरासमोर आले. मार्शल आत आहे, असे त्यांना वाटत होते. नेव्हिलने गोळी झाडली आणि ऑलिव्हर मिलर प्राणघातक जखमी झाला. मग घराच्या बाजूने, गुलामांच्या खोल्यांतूनही, जमावावर गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी ५०० हून जास्त लोक आले. घराचे रक्षण करायला मेजर किर्कपॅट्रिक आणि पिट्सबर्गच्या किल्ल्यातले मोजके सैनिक होते. नेव्हिल आधीच निसटला होता. जमावाचा नेता जेम्स मॅकफर्लेन स्वातंत्र्ययुद्धात लढलेला. गोळीबार थांबल्यासारखा वाटला, आतून बोलणी करायची आहेत असे समजून तो झाडाआडून पुढे आला आणि गोळी लागून कोसळला. त्यानंतर घर जाळले गेले.

मॅकफर्लेनच्या मृत्यूने अर्ज-ठराववाल्यांच्या हातून सूत्रे गेली. डेव्हिड ब्रॅडफर्ड हा वॉशिंग्टन परगण्यातला वकील पुढे आला (महाधिवक्त्याचा केवळ नामबंधू). त्याने टपाल लुटवून कोण सरकारला काय लिहितो ते शोधले आणि सगळ्यांना ब्रॅडॉकच्या मैदानावर बोलावले. १ ऑगस्टला तिथे ७,००० च्या आसपास माणसे जमली. हे तेच मैदान, जिथे १७५५ मध्ये इंग्रज सेनापती ब्रॅडॉकचा पराभव झाला आणि तरुण वॉशिंग्टन जिवानिशी वाचला होता. जमलेल्यांतल्या बऱ्याच जणांकडे जमीन नव्हती, भट्टीही नव्हती. त्यांच्या तोंडी कराइतकीच पिट्सबर्गच्या श्रीमंतांची घरे होती.

गाव वाचले ते ब्रॅकेनरिजसारख्यांमुळे. गावकऱ्यांनी जमावाला विरोध केला नाही, सामोरे जाऊन स्वागत केले, नको असलेली काही माणसे गावाबाहेर पाठवली आणि जमावाला खायला-प्यायला, व्हिस्कीसुद्धा, देऊन नदीपार लावले. नुकसान झाले ते थोडके. त्यासाठी ब्रॅकेनरिजला पुढे सरकारकडून देशद्रोही आणि बंडखोरांकडून फितूर ठरवले गेले. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जवळचा वाटतो तो हा घाबरलेला, दोन्हीकडे बोलणारा, पण गाव जळू न देणारा वकील.

फिलाडेल्फियातला निर्णय

मंत्रिमंडळात हॅमिल्टनला बळाचा वापर हवा होता. परराष्ट्रमंत्री एडमंड रँडॉल्फने सबुरीचा सल्ला दिला. पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर थॉमस मिफ्लिन म्हणाला की हे कोर्टांचे काम आहे, सैन्याचे नाही. वॉशिंग्टनने दोन्ही केले. १७९२ च्या कायद्यानुसार मिलिशिया बोलावण्यासाठी न्यायाधीशाचा दाखला लागे. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश जेम्स विल्सन यांनी तो ४ ऑगस्टला दिला. ७ ऑगस्टला जाहीरनामा निघाला, आणि त्याच वेळी तीन आयुक्त बोलणी करायला धाडले गेले: शरण या, शपथ घ्या, माफी मिळेल.

१४ ऑगस्टला पार्किन्सन्स फेरीच्या सभेला २२६ प्रतिनिधी होते. ब्रॅडफर्ड लढायच्या भाषेत बोलत होता. गॅलेटिनने उघडपणे शरणागतीच्या बाजूने भाषण केले, तेही भोवती बंदुका घेतलेली माणसे उभी असताना. महिनाअखेर साठ जणांच्या समितीने गुप्त मतदान केले: ३४ मते अटी मान्य करण्याच्या बाजूने, २३ विरुद्ध. ११ सप्टेंबरला गावोगाव शपथेवर सह्या घ्यायच्या होत्या. कुठे झाल्या, कुठे धाकाने अडल्या. आयुक्तांनी कळवले की सैन्याशिवाय कायदा चालणार नाही.

पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, मेरीलँड आणि व्हर्जिनिया या राज्यांतून १२,९५० माणसे उभी केली गेली. स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनच्या हाताखाली एका जागी असायची तेवढीच ही फौज. भरतीला पूर्वेतही विरोध झाला, ठिकठिकाणी निषेधाची खूण म्हणून ‘स्वातंत्र्यस्तंभ’ उभे राहिले. कार्लाइलच्या आसपास सैनिकांच्या हातून दोन नागरिक मेले, त्यांतला एक आजारी मुलगा होता. वॉशिंग्टन बेडफर्डपर्यंत सोबत गेला आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात परतला. पुढे हेन्री ली सेनापती आणि हॅमिल्टन सोबतीला. पदावर असताना फौजेबरोबर मोहिमेवर निघालेला अमेरिकेचा हा एकमेव अध्यक्ष, असे सहसा मानले जाते.

फौज पोचली तेव्हा लढायला कुणीच नव्हते. ब्रॅडफर्ड नदीने खाली स्पेनच्या मुलखात पळाला होता. १३ नोव्हेंबरच्या रात्री सुमारे १५० लोकांना बिछान्यातून उठवून अर्धवट कपड्यांत गारठ्यात चालवले गेले. त्यांत साक्षीदार होते, निरपराध होते. शेवटी वीसजणांना फिलाडेल्फियाला नेऊन नाताळच्या दिवशी रस्त्यांवरून फिरवले. जे टाळण्यासाठी सारे पेटले होते, तो डोंगरापलीकडचा प्रवास त्यांच्या वाट्याला आलाच. १७९५ च्या खटल्यांत न्यायाधीश विल्यम पॅटरसन यांनी ज्यूरीला सांगितले की बळाने कायद्याची अंमलबजावणी रोखणे हे देशाविरुद्ध युद्ध पुकारणेच आहे. ही व्याख्या फार रुंद होती. तरीही दोघेच दोषी ठरले, जॉन मिचेल आणि फिलिप विगल, दोघेही साधी माणसे. फाशीची शिक्षा झाली आणि वॉशिंग्टनने दोघांना माफी दिली.

मग जिंकले कोण

सरकारची बाजू मी हलकी मानत नाही. निवडून आलेल्या सभागृहाने केलेला कायदा एका भागातल्या बंदुकांनी रद्द ठरवायचा, तर निवडणुकीला अर्थ उरत नाही. वॉशिंग्टनचा हा मुद्दा पक्का होता, आणि माफी देऊन त्याने तो सूडापासून वेगळा ठेवला. पण केंटकीकडे पाहिले की चित्र बदलते. तिथेही हा कर जवळजवळ कुणी भरला नाही, वसुलीची पदे घ्यायला माणसे मिळेनात. तिथे फौज गेली नाही. पेनसिल्व्हेनिया तेव्हाच्या राजधानीच्या, फिलाडेल्फियाच्या, दाराशी होते, तिथे अधिकार दाखवणे शक्य होते आणि दिसणारेही होते.

राजकीय परिणाम सैनिकी परिणामाच्या उलट दिशेने गेले. १९ नोव्हेंबर १७९४ च्या भाषणात वॉशिंग्टनने ‘स्वयंघोषित संस्थां’ना, म्हणजे सरकारवर टीका करणाऱ्या त्या काळच्या डेमोक्रॅटिक मंडळांना, बंडासाठी जबाबदार धरले. ती मंडळे लवकरच विरली. पण सरकारवर टीका करणे म्हणजे बंडाला चिथावणी का, हा प्रश्न उघड्यावर आला. मॅडिसनने विरोध केला आणि प्रतिनिधिगृहाने आपल्या उत्तरात तो शब्दप्रयोग घेतला नाही. मॉन्टिसेलो या आपल्या घरी बसलेल्या थॉमस जेफरसनने तर लिहिले की बंड जाहीर झाले, त्याविरुद्ध फौज निघाली, पण बंड काही सापडले नाही. हॅमिल्टनच्या बाजूचे फेडरलिस्ट आणि जेफरसन-मॅडिसनच्या बाजूचे रिपब्लिकन ही फळी इथून पुढे पक्की होत गेली.

पश्चिमेच्या मूळ अडचणी दरम्यान दुसरीकडून सुटत गेल्या. २० ऑगस्ट १७९४ ला फॉलन टिंबर्सच्या लढाईत जनरल वेनने जमातींच्या संघाला हरवले आणि पुढच्या वर्षी ग्रीनव्हिलच्या तहाने त्यांच्याकडून आजच्या ओहायोचा मोठा भाग घेतला. ऑक्टोबर १७९५ च्या करारात स्पेनने मिसिसिपी आणि न्यू ऑर्लीन्सची वाट मोकळी केली. धान्याला पाण्याचा रस्ता मिळाला. १८०० मध्ये पिट्सबर्गची लोकसंख्या १,५६५ झाली, केंटकीची दोन लाखांवर गेली, १८०३ मध्ये ओहायो राज्य झाले. ही वाढ ज्यांच्या जमिनीवर झाली त्यांना कुठल्याच सभेत मत नव्हते.

गॅलेटिनचा प्रवास मात्र या सगळ्याला जोडून ठेवतो. फेब्रुवारी १७९४ मध्ये सिनेटने त्याला नागरिकत्वाची वर्षे पुरी भरली नाहीत म्हणून १४ विरुद्ध १२ मतांनी काढून टाकले होते. हॅमिल्टनकडे खजिन्याचे हिशेब मागणारा तो माणूस होता. त्याच शरद ऋतूत, फौज डोंगर चढत असताना, लोकांनी त्याला प्रतिनिधिगृहात निवडून दिले. राज्याच्या विधिमंडळाने बंडखोर भागातल्या आपल्या जागांच्या निवडणुका रद्द केल्या, तर मतदारांनी बहुतेक तीच माणसे परत पाठवली. १८०० ची निवडणूक जेफरसनच्या पक्षाने जिंकली आणि गॅलेटिन हॅमिल्टनच्या खुर्चीवर बसला. १८०२ मध्ये व्हिस्कीवरचा कर, आणि त्यासोबत बाकीचे अंतर्गत करही, रद्द झाले.

जकातीच्या बळावर त्याने ८ कोटी ३० लाख डॉलरचे कर्ज १८१२ पर्यंत साडेचार कोटींवर आणले, तेही मध्ये फ्रान्सकडून लुईझियाना या प्रचंड प्रदेशाची खरेदी झालेली असताना. मग इंग्लंडशी युद्धाची चिन्हे दिसू लागली. युद्धात समुद्री व्यापार थांबतो आणि जकात आटते. जानेवारी १८१२ मध्ये अर्थमंत्री गॅलेटिनने काँग्रेसच्या समितीला कळवले की अंतर्गत कर परत बसवावे लागतील, त्यांत दारूच्या भट्ट्याही होत्या. १८१३ च्या उन्हाळ्यात कायदा झाला, तेव्हा तो तहाच्या वाटाघाटींसाठी युरोपात होता. कराचे मोजमाप पुन्हा भट्टीच्या भांड्याच्या गॅलनांवर ठरले, आणि हा कर १८१७ संपेपर्यंत चालू राहिला.